मिटल्या डोळ्यांचं मेज

मालकानं धाकट्या भावाची गचांडी धरली आणि त्याला मोडक्या गाड्यांच्या दरवाज्यांवर आदळलं. ढिगावरचे दोन दरवाजे घसरत खाली आले, एकाची काच फुटली. पलीकडं लोखंड कापत बसलेल्या कामगारानं, ठिणग्या म्हणत त्याला, कटरची ज्योत बारीक केली, चष्मा कपाळावर सरकवला आणि मान फिरवली. भंगाराच्या त्या आवारात मारहाण ही काही नवलाची गोष्ट नव्हती. मालकाचा हात आधी चालायचा, तोंड मागून. पैशाच्या बाबतीत तो जितका चिक्कू, रागाच्या बाबतीत तितकाच उदार. मागितला नाही तरी द्यायचा.

“सांग,” मालक म्हणाला. “ठेवायला गेलास की घ्यायला?”

धाकट्यानं ओठावरचं रक्त बाहीला पुसलं.

“दादा, ते विचारायचं नसतं.”

“मला शिकवतोस? मला? त्या चर्चचं छप्पर कुणी घातलंय?”

आणि छप्पर कुणी घातलं हे धाकट्याच्या नीट लक्षात राहावं म्हणून त्यानं त्याच्या कानाखाली एक ठेवून दिली.

रीत अशी होती. त्यांच्या त्या लहानशा चर्चमध्ये उपासनेच्या शेवटी पाळक घंटी वाजवत आणि सगळी मंडळी डोळे मिटून घेई. मागच्या भिंतीशी एक लांब मेज होतं, त्यावर जाड चादर घातलेली. ज्याच्याकडं जास्त आहे त्यानं उठावं आणि चादरीखाली ठेवून यावं. ज्याला कमी पडतंय त्यानं उठावं आणि चादरीखालून घेऊन यावं. पीठ, तेल, साबण, कधी लहान मुलांचे स्वेटर. येताना प्रत्येकाच्या हातात पिशवी असायचीच. जाताना कुणाची जड, कुणाची हलकी, तिकडं कुणी बघायचं नाही. दुसरी घंटी होईपर्यंत डोळे उघडायचे नाहीत आणि नंतर तोंड उघडायचं नाही. कोण देणारा आणि कोण घेणारा हे देवाला ठाऊक, आपण त्यात नाक खुपसू नये, असं पाळकांचं म्हणणं. डोळे सगळेच इमानानं मिटत. पण कानांना कुठं पापण्या असतात?

धाकट्याच्या कामाच्या बुटाची टाच सैल झाली होती. टाचेची लोखंडी पट्टी लाकडी जमिनीवर टाक्‌ टाक्‌ वाजायची. दर रविवारी घंटी झाली की ती टाच पुढून दुसऱ्या बाकावरून निघायची, सगळं चर्च ओलांडून मेजापर्यंत जायची आणि परत यायची. “अरे, दोन मिनिटांचं काम आहे, टाका मारून देतो,” असं ठिणग्यानं कितीदा तरी सांगितलं होतं. धाकटा म्हणायचा, “राहू दे. वाजतेय तर वाजू दे.”

मालकानंही तो आवाज ऐकला होता आणि सोडून दिला होता. पण आज सकाळी तो नव्या कोटाचं माप द्यायला शिंप्याकडं गेला. शिंपी त्याच चर्चमधला. तोंडात टाचण्या धरूनच तो म्हणाला, “तुमच्या घरचा पाय दर रविवारी मेजाकडं जातो बरं का. पगारबिगार वेळेवर देता ना?” दुकानातले दोघे तिघे हसले. मालकही हसला. माप अर्धवट टाकून तो तडक आवारात आला.

“ठेवलं असशील तर कुठून ठेवलंस?” आता तो धाकट्याच्या छातीवर बोट आपटत होता. “तुझ्या पगारात तुझंच भागत नाही. मला माहीत आहे, मीच देतो ना तो! म्हणजे माझं तांबं चोरून विकलंस. आणि घेतलं असशील, तर चारचौघांत माझं नाक कापलंस. बोल, यातलं काय?”

“दोन्ही नाही म्हटलं तर?”

“मग काय हवा खायला जातोस तिथं?”

धाकटा हसला. दात रक्तानं लाल झालेले, एक डोळा सुजत आलेला, आणि हा गडी हसला! ते हसू चेष्टेचं नव्हतं, पण मालकाला तेवढी पारख असती तर मग आणखी काय पाहिजे होतं. त्याच्या कानात शिंप्याच्या दुकानातलं हसू घुमत होतं. त्यानं खाली वाकून हाताला लागली ती सळई उचलली.

“मालक!” ठिणग्या ओरडला.

“ज्या पायानं जातोस ना मेजाकडं,” मालक म्हणाला, “तो पायच नको.”

पहिला फटका बुटावर बसला. दुसरा घोट्याच्या वर. तिसऱ्याला वाळकं फळकूट मोडावं तसा आवाज आला, आणि धाकट्यानं दरवाज्यांच्या ढिगात तोंड खुपसून अशी किंकाळी फोडली की रस्त्यावरून जाणारा सायकलवाला थांबला. मालकानं सळई टाकली. आपल्याला वाईट वाटतंय की बरं वाटतंय हे त्याला त्या क्षणी कळेना, म्हणून तो सायकलवाल्यावर खेकसला.

ठिणग्यानं गॅस बंद केला, धाकट्याला खांद्यावर घेतलं आणि फाटकापाशी थांबला.

“दवाखान्यात काय सांगू?”

“दरवाजा पडला म्हणून सांग.”

“तीनदा?” ठिणग्यानं विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता तो चालायला लागला.

घरी बायको कांदा चिरत होती. मालकानं हात धुता धुता सांगितलं, की धाकट्याचा पाय मोडलाय, आवारात दरवाजा पडला. तिची सुरी थांबली.

“कुठला पाय?”

“कुठला म्हणजे? पाय तो पाय.”

“चालता कधी येईल?”

“दोन महिने तरी नाही.” त्याला तो प्रश्न चमत्कारिक वाटला. जगेल का, दुखतंय का, असं बायका विचारतात. ही विचारते, चालता कधी येईल! तिनं त्याच्या बाहीवरच्या रक्ताच्या थेंबाकडं पाहिलं आणि पुन्हा कांद्याकडं वळली. कांदा पुष्कळच बारीक झाला त्या दिवशी.

मालक वाईट माणूस आहे असं चर्चमध्ये कुणाला विचारलं असतं तर कुणी हो म्हणालं नसतं. दशांश, म्हणजे चर्चला द्यायचा कमाईचा दहावा हिस्सा, तो पैशापैशाचा हिशेब करून देई. दारू नाही, जुगार नाही. घरातल्या कोठीला त्यानं कुलूप घातलेलं आणि किल्ली कमरेला. महिन्याच्या पहिल्या दिवशी तो स्वतः पीठ, तेल, साखर मापून बायकोच्या हवाली करी. ते माप इतर घरांच्या निम्मं होतं. आणि हीच तर त्याची साक्ष होती! दर वर्षी उपासनेत तो उभा राहून सांगे, की माझ्या घरात निम्मं पीठ जातं, तरी महिनाअखेरपर्यंत पुरतं. दोन वाढत्या मुली आहेत, मी स्वतः पोटभर जेवतो, पण डबा कधी रिकामा झाला नाही. ज्याचा व्यवहार चोख, त्याच्या घरावर प्रभूचा हात असतो. पाळकांनी सांगितलेल्या गोष्टीत एका विधवेचं पीठ सरत नव्हतं, तसंच माझ्या घरी आहे. मंडळी “आमेन” म्हणत. बायको मान खाली घालून बसे आणि लोक म्हणत, काय नम्र बाई आहे.

त्या रविवारी धाकट्याची जागा रिकामी होती. घंटी वाजली, डोळे मिटले. मालकानं कान टवकारले. उजवीकडून कुणीतरी उठलं, मागं कुणाची तरी काठी वाजली, मेजाची चादर सळसळली. टाचेचा आवाज नव्हता. मालकाला हायसं वाटलं. बायको त्याच्या शेजारी अशी बसली होती, की तिचा श्वासही ऐकू येत नव्हता.

बाहेर पडताना पाळकांनी त्याला दारात गाठलं.

“धाकटे कसे आहेत?”

“दरवाजा पडला पायावर.”

“हो, ऐकलं.” पाळकांचे डोळे त्याच्या हातांवर होते. “वेदना फार आहेत त्यांना. जाऊन आलो मी.”

“पाळकसाहेब, एक विचारू? तो मेजाकडं कशाला जायचा? तुम्हाला तर माहीत असेल.”

“मला कसं माहीत असणार? मीसुद्धा डोळे मिटतो,” पाळक म्हणाले. “आणि मला वाटतं, तुम्हीही मिटत होता.”

दुसऱ्या दिवशी ठिणग्या दवाखान्यातून आवारात आला आणि मालकाशी न बोलता कामाला लागला. दुपारी जेवताना मात्र त्याच्यानं राहवलं नाही.

“धाकट्यानं निरोप दिलाय. म्हणजे, विचारलंय. काल वहिनी बरी होती का?”

“तिला काय धाड भरलीय?”

“मला काय ठाऊक. त्याचं तेवढंच चाललंय सारखं. पायाचं नावसुद्धा काढत नाही. वहिनी बरी होती का, पोरी बऱ्या होत्या का.” ठिणग्यानं घास तोंडात टाकला. “बडवणाऱ्याचं मात्र विचारलं नाही हो काही.”

मालकानं पायाशी पडलेला डबा लाथेनं उडवला आणि तो उठून गेला. पण मनात एक कुसळ राहिलं ते राहिलंच.

गुरुवारी संध्याकाळी तो भुकेला घरी आला. ताटलीत सूप आलं. सूप कसलं, गरम पाणी! त्यात कांद्याची दोन सालं पोहत होती. पाव नव्हता. थोरली मुलगी ताटलीकडं पाहत बसली होती आणि धाकटी बोट चाटत होती.

“हे काय आहे?”

“पीठ संपलं,” बायको म्हणाली.

“संपलं म्हणजे? महिना कुठं संपलाय?”

“पीठ संपलंय. तेलही.”

मालक उठला, त्यानं डबा उघडला, उलटा केला, बुडावर थापटी मारली. चिमूटभर पांढरी धूळ जमिनीवर पडली. तो पाहतच राहिला. इतकी वर्षं न झालेली गोष्ट झाली होती, आणि तो मनातून चक्क घाबरला. घाबरला की त्याला एकच गोष्ट करता येत असे. त्यानं तिचं मनगट धरलं आणि पिरगळलं.

“कुणाला दिलंस?”

“कुणाला नाही.”

“माहेरी धाडलंस?”

“नाही हो.”

“मग गेलं कुठं? इतके दिवस पुरत होतं ना?” तो आणखी पिरगळत गेला, तिचे गुडघे वाकले, ती जमिनीला टेकली. “पुरत होतं की नाही?”

“पुरत होतं,” ती म्हणाली. तिचा चेहरा दुखण्यानं पांढरा पडला होता, पण ती त्याच्याकडं सरळ पाहत होती. तसं तिनं फार वर्षांत पाहिलं नव्हतं.

“बाबा, सोडा ना तिला!” थोरलीनं त्याच्या दंडाला लटकून दात रोवले. त्यानं तिला झटकलं. पोरगी कपाटावर आपटली, खाली बसली आणि रडायचंही विसरली. धाकटी मेजाखाली शिरली. मालकानं रिकामा डबा भिंतीवर फेकला. ठण्ण आवाज झाला, गिलाव्याचा पोपडा पडला. मग तो घराच्या मधोमध उभा राहिला आणि त्याला, कसं कोण जाणे, सगळं उमगल्यासारखं झालं.

“घरात पाप शिरलंय,” तो म्हणाला. “त्या कार्ट्यानं घराचं नाव मेजावर नेऊन टाकलं, म्हणून बरकत गेली. आता ऐका. जोपर्यंत प्रभू पुन्हा आपल्यावर प्रसन्न होत नाही, तोपर्यंत कोठीचं कुलूप निघणार नाही. उपास करू. सगळेच करू.”

“पोरीसुद्धा?” बायकोनं जमिनीवरूनच विचारलं.

“पोरीसुद्धा. तो देईल. त्याच्यावर विश्वास ठेवायला शिका जरा.”

उपास त्यानं स्वतःलाही लावून घेतला, हे खरं. दुपारी आवारात पुढ्यात येणारे ठिणग्याच्या डब्यातले घास तेवढे त्यानं हिशेबात धरले नाहीत. घरात शुक्रवारी मुली शेजारणीनं दिलेलं दूध प्यायल्या आणि शनिवारी नुसतं साखरेचं पाणी. संध्याकाळी धाकटी ओकली. बायकोनं तिला पुसलं, निजवलं, आणि तिच्या उशाशी बसून राहिली. किल्ली मालकाच्या कमरेला होती, आणि ती एकदाही मागितली गेली नाही, याचाच त्याला राग येत होता.

रविवारी ते चौघं पहिल्या बाकावर बसले. छप्पर घातलेल्याची जागा ती. मालकाच्या पायांत नवे, मऊ तळव्यांचे बूट होते. धाकटी आईच्या अंगावर रेलली होती. मागच्या बाकावर, धाकट्याच्या जागेशेजारी, शिंपी येऊन बसला, नमस्कारापुरता हसला आणि खोकला. प्रार्थना झाली. घंटी वाजली. मालकानं डोळे मिटले.

मग बाक हलला.

अगदी थोडा हलला, शेजारचं माणूस उठल्यावर हलावा तेवढा. मालकाचा हात विचाराच्या आधी सुटला आणि त्याच्या मुठीत बायकोचं मनगट आलं. सुजलेलं होतं ते, गरम. गुरुवारचंच मनगट. तिनं ते ओढून घेतलं नाही. ती परत बसलीही नाही. नुसती उभी राहिली, पिशवी दुसऱ्या हातात धरून.

ही उठली कशाला? घरात चिमूटभर पीठ नाही, ही ठेवणार काय?

आणि मग त्या मिटल्या डोळ्यांआड त्याला दिसायला लागलं. दर रविवारी टाच वाजायची तेव्हा हा बाक हलायचा का? हलत असेल. त्यानं कधी लक्ष दिलं नव्हतं. त्या खडखडाटात काय ऐकू येणार? टाच पहिल्या बाकाच्या मागूनच निघायची. जाताना वाजायची, येताना वाजायची. लोकांना वाटायचं, भंगारवाल्याचा भाऊ चालला. त्या टाचेच्या आडोशानं आणखी दोन पावलं जायची आणि यायची. दोन्ही नाही म्हटलं तर? बेट्या, दोन्ही नाहीच होतं ते!

वर्षानुवर्षं न सरलेलं पीठ. त्यानं उभं राहून सांगितलेलं पीठ. ते या मेजावरचं होतं. त्या काठीवाल्या म्हातारीनं ठेवलेलं, शिंप्यानं ठेवलेलं, कुणाकुणाचं. ते तो पोटभर खात होता आणि वर आमेन घेत होता. त्याला एकदम इतकी शरम वाटली, की तिथंच ओरडावं, कुणाला तरी हाणावं, असं झालं. हाणायला हाताशी एकच माणूस होतं.

त्यानं मनगट सोडलं.

ती निघाली. लाकडी जमीन कर्र वाजली. आज आडोसा नव्हता. कर्र, मग पुन्हा कर्र, पहिल्या बाकापासून, बाईच्या हलक्या पावलांनी. मागं शिंप्याचा खोकला अर्ध्यात थांबला. तो कपडे शिवणारा माणूस. कोण कसं चालतं हे त्याला मापाच्या फितीइतकं पाठ. आणखी चार पावलं गेली की सगळ्या मंडळीला कळणार होतं, छप्पर घालणाऱ्याची बायको मेजावर हात पसरायला चाललीय.

मालक उठला. त्याच्या बुटांना आवाजच नव्हता. चांगले पैसे मोजून घेतलेले बूट ते. मग त्यानं पाय उचलला आणि दण्‌कन आपटला.

आपटत आपटत तो निघाला. दण्‌, दण्‌, सगळं चर्च हादरवत, मधल्या वाटेवरून. तिला ओलांडून पुढं गेला, मेजापाशी पोचला आणि तिथंच पाय आपटत उभा राहिला, कवायतीतल्या शिपायासारखा. चादर सळसळली. पिशवीत काहीतरी पडलं, मग आणखी काहीतरी. ती परत वळल्याचं त्याला वाऱ्यावरून कळलं. ती बाकावर पोचेपर्यंत त्यानं पाय थांबवले नाहीत. घोट्यातून कळा यायला लागल्या, तरी नाही.

मग तो थांबला. आता परत जाऊन बसायला वेळ होता. तो गेला नाही. त्यानं चादरीखाली हात घातला. पिठाची एक पुडी हाताला लागली, ती त्यानं बाहेर काढली. पिशवी त्यानं आणली नव्हती. आजवर कधीच आणली नव्हती.

दुसरी घंटी झाली. लोकांनी डोळे उघडले आणि इतका वेळ कोण थयथयाट करतंय म्हणून माना मागं वळवल्या. भंगारवाला मेजापाशी उभा होता, दोन्ही हातांत पुडी धरून, कोटाच्या पुढच्या बाजूवर पीठ सांडलेलं.

शिंप्यानं त्याच्याकडं पाहिलं, मग पुढं पाहिलं, मान खाली घातली आणि डोळे पुन्हा मिटून घेतले. काठीवाल्या म्हातारीनं मिटले. तिच्या शेजारच्यांनी मिटले. घंटी झालीच नव्हती जणू.

मालक पहिल्या बाकापर्यंत आला. बायकोचे डोळे उघडे होते. तिनं सरकून त्याला जागा दिली नाही. हात पुढं करून पुडी घेतली, पिशवीत ठेवली आणि आवाज जरासुद्धा खाली न आणता म्हणाली, “यातलं निम्मं दवाखान्यात जाईल. तुम्ही नेऊन द्यायचं.”

मालकानं मान हलवली. ते तिच्याशिवाय कुणी पाहिलं नाही.